सोलापूरहून गाडीने किनाऱ्यालगतची छोटी बेटे : आखणी किलोमीटरने करावी की तिथीने?

भुईकोट

गड्ड्याची यात्रा, म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वराची जत्रा, उरकली की आपल्याकडे कोकणसहलींची बोलणी सुरू होतात आणि दर वेळी तेच प्रश्न येतात : अंतर किती, घाट कोणता, मुक्काम कुठे, मासे कुठे चांगले मिळतात. किनाऱ्यावर फिरून परत यायचे असेल तर एवढे पुरते. परंतु किनाऱ्यापासून थोडे आत समुद्रात उभी असलेली छोटी बेटे आणि त्यांवरचे जलदुर्ग पाहायचे असतील, तर त्या दिवशी तिथी कोणती हा प्रश्न सर्वांत आधी विचारायला हवा. आपण सिद्धेश्वर तलावाच्या काठी वाढलेली माणसे आहोत. तलावाचे पाणी ऋतूप्रमाणे चढते-उतरते, तासांप्रमाणे नाही. त्यामुळे सकाळी चालत ओलांडलेल्या वाळूवर दुपारी पुरुषभर पाणी असते हे आपण ऐकून असलो, तरी सहल आखताना ते आपल्या हिशेबात येत नाही.

अंतराचा मुद्दा आधी निकालात काढतो, कारण तो निर्णायक नाहीच. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर आणि पुढे गगनबावडा किंवा फोंडा घाट उतरून मालवण गाठले तर साधारण पावणेचारशे ते चारशे किलोमीटर होतात. पुणे, खोपोली, पेण या वाटेने अलिबागही जवळजवळ तेवढेच. हर्णै त्याहून थोडे लांब. विजयपूर, हुबळी, यल्लापूरवरून अंकोल्यापर्यंत सुमारे ४३० किलोमीटर. म्हणजे कोणताही किनारा निवडला तरी एक पूर्ण दिवस गाडीत जाणार हे ठरलेलेच आहे. मग निवड कशावर करायची, तर आपल्याला ज्या दिवशी सुट्टी आहे त्या दिवशी कोणत्या बेटाचे पाणी आपल्या सोयीचे आहे, यावर.

कोकणात यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वापरला जाणारा एक सोपा हिशेब आहे. शुद्ध किंवा वद्य पक्षातल्या तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणले की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, आणि तिच्या सहा तास आधी व सहा तास नंतर ओहोटी असते. चतुर्थीला चार गुणिले पाऊण म्हणजे तीन. म्हणून पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास भरती, तर सकाळी आणि रात्री नऊच्या सुमारास ओहोटी. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे पाऊण तासाचा हा नियम घड्याळाच्या काट्यावर चालत नाही. पण सहल कोणत्या आठवड्यात काढावी हे ठरवायला तो पुरेसा आहे. दाते पंचांग ज्या गावातून निघते त्या गावातल्या माणसाने भिंतीवरची तिथी पाहायचा कंटाळा करू नये, एवढेच म्हणतो.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचे उदाहरण घेऊ. शिवाजी महाराजांनी अखेरच्या काळात बांधायला घेतलेला आणि पुढे आंग्र्यांचे ठाणे झालेला हा किल्ला ओहोटीला चालत जाऊन पाहता येतो, ही त्याची खरी गंमत आहे. उधाणाच्या, म्हणजे सर्वांत मोठ्या भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी सर्वांत जास्त मागे हटते, परंतु नेमक्या पौर्णिमेला वा अमावास्येला ओहोटी पहाटे सहा आणि संध्याकाळी सहाला येते, आणि अंधारात जाण्यात अर्थ नसतो. द्वितीया-तृतीयेला मात्र उधाणाचा जोर टिकून असतो आणि ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान येते. त्या दिवशी सातला निघालात तर सिद्धिविनायकाचे दर्शन, तटावरून फेरी, गोड्या पाण्याचे तळे आणि शेजारचा सर्जेकोट असे सगळे पाहून साडेनऊपर्यंत कोरड्या पायांनी नाही, तरी निर्धास्तपणे परत येता येते. याउलट अष्टमीला ओहोटी दुपारी बाराला असते, वेळ ऐकायला सोयीची वाटते, पण भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या, दिवसांत पाणी फारसे उतरतच नाही.

ज्यांनी अशी बेटे पाहिली आहेत त्यांनी इथे भर घालावी. हॉटेलांची यादी कृपया नको, ती सगळीकडे मिळते.

सातरस्ता

लेख उपयुक्त आहे. माझा प्रश्न व्यावहारिक आहे. बरोबर सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि शाळेत जाणारी दोन मुले आहेत. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग आणि जंजिरा हे तिन्ही एकाच सहलीत बसवावेत असे घरच्यांचे म्हणणे आहे. सागरी मार्गाने वर वर जात राहिले तर ते शक्य होईल काय?

भुईकोट

शक्य आहे, पण करू नका. मालवण आणि मुरूड यांच्यामध्ये अख्खा रत्नागिरी जिल्हा आहे, आणि सागरी मार्ग नकाशावर सरळ दिसला तरी दर थोड्या अंतरावर एखादी खाडी आडवी येते. जयगड–तवसाळ, धोपावे–दाभोळ, वेसवी–बागमांडला, दिघी–आगरदांडा अशा फेरीबोटींवर गाडी चढवून खाड्या ओलांडता येतात आणि तो प्रवास रम्यही आहे. परंतु प्रत्येक बोटीची वाट पाहण्यात वेळ जातो आणि मग किल्ल्याची भरती-ओहोटी साधत नाही. तीन किल्ले धावत पाहण्यापेक्षा एका किनाऱ्यावर मुक्काम करून त्याच्या आसपासची दोन बेटे सावकाश पाहावीत. वडीलधाऱ्यांसाठी मालवण योग्य वाटते, कारण तिथे धक्क्यावरून होडीत बसता येते आणि किल्ल्याच्या बाजूलाही नीट उतरता येते. सुवर्णदुर्गाला तशी सोय गृहीत धरू नये.

कर्लीकाठ

माझे माहेर देवबागचे आहे आणि लग्नानंतर मी सोलापुरात स्थायिक झाले आहे, म्हणून थोडी दुरुस्ती सुचवते. भुईकोट यांनी दिलेला पाऊणपटीचा हिशेब मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याला चांगला लागू पडतो. दक्षिणेकडे येताना भरती लवकर येत जाते, आणि मालवणात त्या हिशेबातून साधारण तासभर वजा करावा लागतो. दुसरे असे की भरती-ओहोटीतला फरकही दक्षिणेकडे कमी होत जातो. मुंबईजवळ उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते, कारवारला ते साधारण दोन मीटर आणि मालप्याला त्याहूनही कमी. त्यामुळे कुलाबा किल्ल्यासारखी चालत जाण्याची मजा जसजसे खाली यावे तसतशी दुर्मीळ होते.

मालवणात मात्र ती एका ठिकाणी शिल्लक आहे. सिंधुदुर्गाकडे जाणारे बहुतेक लोक शेजारच्या पद्मगडाकडे वळूनही पाहत नाहीत. दांडीच्या किनाऱ्याजवळचे हे चिमुकले बेट चांगल्या ओहोटीला चालत गाठता येते. मात्र खडकांवर शेवाळ असते, म्हणून साध्या चपला घालून जाऊ नये आणि पाणी फिरण्याची वेळ स्थानिकांना विचारूनच पाऊल टाकावे.

वाऱ्याविषयी कोणी बोलत नाही, म्हणून सांगते. ऑक्टोबर ते मे या काळात सकाळी समुद्र तुलनेने शांत असतो आणि दुपार कलली की वायव्येकडून वारा जोर धरतो. भरतीची वेळ कितीही सोयीची असली तरी वयस्कर माणसांना दुपारी चारच्या होडीत बसवू नये. सकाळची पहिली किंवा दुसरी होडी घ्यावी. होडी लाटेवर आपटू लागली की माणसे उठून उभी राहतात, आणि तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, सर्वांत जास्त त्यालाच घाबरतो. पावसाळ्याचे तर विचारूच नका. साधारण मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत सिंधुदुर्गाची वाहतूक बंद असते.

पार्करोड

ताई, देवबागच्या त्या त्सुनामी बेटाविषयीही लिहावे. आमच्या कार्यालयातले सगळे तिथले फोटो दाखवतात.

कर्लीकाठ

ते बेट म्हणजे कर्ली नदीच्या मुखाशी साचलेला वाळूचा पट्टा आहे. २००४ च्या त्सुनामीनंतर तो वर आला असे गावात सांगतात. नदीच्या मुखाशी वाळू सतत जागा बदलत असते, त्यामुळे त्याचा आकार दर वर्षी सारखा राहत नाही, आणि मोठ्या भरतीला त्याचा बराच भाग पाण्याखाली जातो. तिथे जलक्रीडा चालतात, गर्दी असते, आरडाओरडा असतो. मुलांना आवडेल. बेट पाहिल्याचे समाधान मिळेल असे मला वाटत नाही.

संभाजीतलाव

सिंधुदुर्गाबद्दल थोडे. कुरटे बेटावर २५ नोव्हेंबर १६६४ रोजी महाराजांनी या किल्ल्याचा पाया घातला. क्षेत्रफळ सुमारे ४८ एकर, तटाची लांबी सुमारे तीन किलोमीटर, आणि पायाचे दगड बसवताना शिसे ओतल्याचे सांगितले जाते. होडी अगदी जवळ येईपर्यंत महादरवाजा दिसत नाही, कारण पुढे आलेल्या बुरुजांच्या वळणात तो लपवलेला आहे. राजाराम महाराजांनी बांधलेले शिवराजेश्वराचे मंदिर तर सर्वांना माहीत असतेच. मला अधिक विलक्षण वाटतात त्या दूध, दही आणि साखर या नावांच्या गोड्या पाण्याच्या विहिरी. चहूकडे खारे पाणी असताना बेटाच्या पोटात गोडे पाणी टिकते, याचे कारण असे की पावसाचे मुरलेले पाणी खाऱ्या पाण्याहून हलके असते आणि ते भेगांमध्ये त्याच्यावर थर करून राहते. जलदुर्गासाठी बेट निवडताना असे पाणी आहे की नाही हे आधी पाहिले जाई. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या गावाच्या माणसाने त्या विहिरींपाशी दोन मिनिटे जास्त थांबायला हरकत नाही.

वाईट याचे वाटते की होडीवाले परतीची वेळ बांधून देतात आणि साधारण तासाभरात तीन किलोमीटरचा तट फिरणे कोणालाच जमत नाही. गर्दीचा शनिवार-रविवार टाळून, थोडे जास्त पैसे देऊन नंतरच्या होडीने परतण्याचे आधी ठरवून घेतले तर किल्ला खरा कळतो. जंजिऱ्यालाही हाच अनुभव येतो. राजपुरीहून शिडाच्या होडीने जाणे सुंदर आहे, पण आत गेल्यावर कलालबांगडी तोफेपाशी फोटो काढेपर्यंत परतीची हाक येते.

अंकोलावळण

या धाग्यावर सगळेच महाराष्ट्राच्या किनाऱ्यात अडकले आहेत, म्हणून दक्षिणेची बाजू मांडतो. आपल्या गावातून जाणारा ५२ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग पंजाबातल्या संगरूरहून निघतो आणि तुळजापूर, सोलापूर, विजयपूर, हुबळी, यल्लापूर असे करत अंकोल्याला अरबी समुद्रापाशी संपतो. म्हणजे विजापूर रस्त्याला लागून महामार्ग न सोडता चालत राहिले की समुद्र येतो. यल्लापूरनंतरचा अरबैल घाट सोडला तर चालवायला हा रस्ता कोल्हापूरमार्गे घाट उतरण्याहून कितीतरी सोपा आहे. तरीही सोलापूरकर त्या रस्त्याने विजयपूरच्या गोलघुमटापर्यंत जातात आणि परत फिरतात.

अंकोल्यापासून कारवार सुमारे ३५ किलोमीटर. कारवारसमोर कुर्मगड, देवगड आणि अंजदीव अशी बेटे आहेत. कुर्मगडावर नरसिंहाचे देऊळ आहे आणि पौष पौर्णिमेला तिथे मोठी जत्रा भरते. गड्डा संक्रांतीला आणि ही जत्रा पौष पौर्णिमेला, त्यामुळे काही वर्षी एकाच रजेत दोन्ही साधता येतात. देवगडावर दीपगृह आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या देवगडाशी त्याचा संबंध नाही. अंजदीव मात्र लांबूनच पाहावे लागते, कारण ते नौदलाच्या ताब्यात आहे. १९६१ च्या गोवामुक्तीच्या कारवाईत त्या बेटावर उतरताना नौदलाचे जवान धारातीर्थी पडले होते. पुढे मुरुडेश्वरासमोर नेत्राणी बेट आहे, तिथे स्कूबा डायव्हिंगसाठी लोक जातात, आणि आणखी खाली उडुपीजवळच्या मालपे बंदरासमोर सेंट मेरीची बेटे आहेत. अंकोल्याहून मालपे पावणेदोनशे किलोमीटरच्या आतबाहेर येईल.

सातरस्ता

पौष पौर्णिमेच्या जत्रेला लहान मुलांना घेऊन जाणे कितपत योग्य आहे?

अंकोलावळण

तुमच्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर म्हणजे टाळा. जानेवारी २०१९ मध्ये याच जत्रेहून परतताना होडी उलटून अनेकांचे जीव गेले. ज्या दिवशी सगळा किनारा एकाच बेटाकडे निघालेला असतो, त्या दिवशी होडीत माणसे मोजून भरली जात नाहीत. जत्रेचा दिवस सोडून जा, अंगावर लाइफ जॅकेट बांधून घ्या, आणि ते मुलाच्या मापाचे आहे का हे धक्क्यावरच पाहा. मोठ्याचे जॅकेट लहान मुलाच्या खांद्यावरून वर सरकते आणि पाण्यात त्याचा काही उपयोग होत नाही. होडीवाल्याला हे सांगताना संकोच वाटून घेऊ नये.

काळादगड

मी भूगोल शिकवतो, त्यामुळे सेंट मेरीच्या बेटांचे नाव निघाल्यावर गप्प राहणे कठीण आहे. आपल्या पायाखालचा सोलापूरचा काळा दगड म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचा बसाल्ट आहे आणि त्याचे वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षे आहे. मालप्यासमोरच्या बेटांवरचा दगडही लाव्ह्याचाच, परंतु तो आपल्याहून जुना आहे : सुमारे ८ कोटी ८० लाख वर्षांचा. त्या काळात भारत आणि मादागास्कर एकमेकांपासून विलग होत होते आणि त्या फाटण्याच्या वेळी झालेल्या उद्रेकाची ती खूण आहे. दगडाची जातही वेगळी आहे. त्यात बसाल्टपेक्षा सिलिका जास्त आहे.

तिथे पाहायचे ते दगडी खांब. लाव्हा थंड होताना आकसतो, आकसताना त्याला तडे जातात, आणि हे तडे थंड होणाऱ्या पृष्ठभागापासून आत आत सरळ उतरत जातात. ताण सर्व बाजूंनी सारखा असेल तर तड्यांची जाळी बहुतांशी षट्कोनी होते आणि दगडाचे खांब तयार होतात. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर असेच खांब आहेत, पण तिथे भोवती इमारती आल्या आहेत; इथे ते थेट समुद्रात उतरतात. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने या बेटांना राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा दिला आहे. बेटावर मुक्काम करता येत नाही, पावसाळ्यात होड्या बंद असतात, आणि खडकांलगतचा समुद्र पोहण्याला धोकादायक आहे. मुलांना खांबांच्या बाजू मोजायला लावा; पाच आणि सात बाजूंचेही सापडतात, आणि असे का, हा प्रश्न मुले स्वतःहून विचारतात.

भुईकोट

काळादगड, उत्तम माहिती. मालप्याला भरतीचा फरक लहान असल्यामुळे तिथे तिथीपेक्षा वारा आणि लाटा पाहून जावे लागते. त्यामुळे माझ्या मूळ म्हणण्याला एक मर्यादा पडते हे मान्य करतो : उत्तरेकडच्या बेटांना तिथी आधी पाहावी, दक्षिणेकडच्या बेटांना वारा आधी.

दमाणीनगर

दापोलीच्या बाजूचे कोणी लिहिले नाही. हर्णैचा सुवर्णदुर्ग माझ्या मते सगळ्यांत न्यारा आहे, कारण तो अजून सहलीच्या वहिवाटीत पुरता आलेला नाही. किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला असे तीन छोटे किल्ले आणि समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अशी ही रचना आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचे हे महत्त्वाचे ठाणे. १७५५ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांनी तुळाजी आंग्र्यांविरुद्ध हातमिळवणी केली आणि कमोडोर जेम्सच्या आरमाराने तो घेतला. आपल्याच आरमाराचा कणा आपणच इंग्रजांच्या मदतीने मोडला, ही खंत तटावर उभे राहिल्यावर मनातून जात नाही.

हर्णै बंदरातून होडी ठरवावी लागते. बेटावर धक्का नसल्याने गुडघाभर पाण्यात उतरण्याची तयारी ठेवावी, मोबाइल आणि पाकीट प्लास्टिकच्या पिशवीत बांधावे. दरवाजाच्या पायरीवर कासव कोरलेले आहे आणि तटावर मारुती आहे. आत झाडी माजलेली आहे, पाण्याची टाकी आहेत, पण पिण्यासाठी पाणी बरोबर नेलेलेच बरे. स्वच्छतागृह नाही. संध्याकाळी परत आल्यावर हर्णै बंदरातला मासळीचा लिलाव चुकवू नये.

भुईकोट यांच्या नियमाला धरून सांगायचे तर उतरताना पाणी चढते असावे, म्हणजे होडी खडकात अडकण्याची भीती राहत नाही. अगदी तळाच्या ओहोटीला तांडेल होडी लांबच थांबवतो आणि पाण्यातून चालावे लागणारे अंतर वाढते.

पार्करोड

२०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या लष्करी स्थापत्याचे जे १२ किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले, त्यांत सुवर्णदुर्ग, सिंधुदुर्ग, विजयदुर्ग आणि खांदेरी हे चौघे आहेत. त्यामुळे ही वहिवाट आता वाढणारच. खांदेरीला कसे जावे?

दमाणीनगर

अलिबागजवळच्या थळ गावातून. महाराजांनी १६७९ मध्ये खांदेरीवर तटबंदी सुरू केली, तेव्हा इंग्रज आणि सिद्दी या दोघांनीही विरोध केला. पुढे सिद्द्याने शेजारच्या उंदेरीवर आपला किल्ला उभारला. खांदेरीवर दीपगृह आहे आणि कोळी बांधवांचे श्रद्धास्थान असलेले वेताळाचे ठाणे आहे. दगडाने वाजवले असता धातूसारखा नाद देणारा एक खडकही तिथे दाखवतात. उंदेरीला उतरणे खडकाळ आहे, ती हौस कुटुंबाबरोबर करू नये. परवानगीचे आणि होडीचे नियम बदलतात, म्हणून आदल्या दिवशी थळला जाऊन चौकशी करावी.

जुळेसोलापूर

मी फक्त गाडीविषयी बोलतो. कोणीही गाडी वाळूत घालू नये. ओल्या वाळूवर चाक फिरते, दहा मिनिटांत ते बसते, आणि भरती यायला लागली की ट्रॅक्टर शोधण्याची धावपळ सुरू होते. खारे पाणी लागलेली गाडी आतून गंजते. परतल्यावर नव्हे, तर मुक्कामाच्या गावातच तिचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन घ्यावा. फेरीबोटीवर चढताना उतारावर पहिला गिअर आणि बोटीवर गाडी उभी केल्यावर हँडब्रेक. घाटाची चौकशी निघण्याच्या आदल्या दिवशी करावी, कारण कोकणात उतरणारे घाट दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असतात आणि गगनबावड्याला गेल्यावर मागे फिरणे म्हणजे अर्धा दिवस गेला.

शिदोरीत कडक भाकरी आणि शेंगाचटणी घ्यावी. दमट हवेत पोळ्या दुसऱ्या दिवशी वास मारतात. कडक भाकरीही मऊ पडते, पण खाता येते.

दिवाडीवाट

गोव्याच्या दिवाडी आणि चोडण बेटांना या चर्चेत जागा आहे का? ती समुद्रात नाहीत, मांडवी नदीत आहेत, परंतु गाडीसह फेरीबोटीने जाता येते आणि वयस्कर माणसांना कसलाही त्रास होत नाही. चोडणला सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, तिथल्या खारफुटीत सकाळी पक्षी चांगले दिसतात. दिवाडीवर कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वराचे मूळ देऊळ होते, ते पोर्तुगिजांनी पाडले; नंतर देव नार्व्याला नेला गेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये केला. दिवाडीहून नार्व्याला फेरीबोटच आहे, त्यामुळे दोन्ही एका सकाळीत होतात.

भुईकोट

नियमाने पाहिले तर नदीतली बेटे या धाग्याच्या विषयाबाहेर आहेत, पण सातरस्ता यांच्या आई-वडिलांचा विचार केला तर हीच सूचना सर्वांत शहाणपणाची आहे. आणि मालवणहून परतताना सावंतवाडीमार्गे गोव्यात उतरले तर ती वाटेवरही येतात.

सातरस्ता

सर्वांचे आभार. घरी चर्चा करून मालवण नक्की केले आहे. माघातल्या वद्य तृतीयेच्या सुमारास दोन दिवसांची रजा मिळण्यासारखी आहे. त्या दिवशीचा हिशेब कसा मांडावा, हे कर्लीकाठ ताईंनी सांगितले तर बरे होईल.

कर्लीकाठ

तृतीयेचा पाऊणपट म्हणजे सव्वादोन, त्यातून मालवणसाठी तासभर वजा केला की भरती दुपारी सव्वा वाजता, म्हणजे ओहोटी सकाळी सातच्या आसपास. नक्की वेळ आदल्या दिवशी मोबाइलवर किंवा बंदरावर विचारून घ्या, कारण अर्ध्या तासाचा फरक सहज पडतो. आदल्या दिवशी सोलापूरहून पहाटे निघून संध्याकाळी मालवणात पोहोचा. तृतीयेला सकाळी साडेसहाला तुम्ही आणि मुलांनी पद्मगडाकडे जावे. आई-वडिलांनी किनाऱ्यावर बसावे, त्या खडकांवर त्यांना नेऊ नका. आठच्या आत परत या. नऊच्या सुमारास सगळ्यांनी मिळून सिंधुदुर्गाची होडी धरा, तेव्हा पाणी चढते असते आणि वारा उठलेला नसतो. आई-वडिलांना तट चढायला लावू नका, शिवराजेश्वराच्या देवळापर्यंतची वाट पुरेशी आहे. होडीवाल्याशी परतीची वेळ आधीच बोलून दोन तासांची करून घ्या.

त्या दिवशी चतुर्थी लागलेली असली तरी आखणी तीच ठेवा, फक्त सगळे पाऊण तास पुढे ढकला. आणि दुपारी जेवल्यावर मुलांनी देवबागचा हट्ट धरला तर न्या, पण होडीत तुम्ही बरोबर बसा.